ब्रह्मकमळाचं पान मागून आणलंत, आता पुढे?

ब्रह्मकमळ सहसा कुणी विकत आणत नाही. हल्ली नर्सरीत मिळतं, पण ज्यांच्या घरी पाहाल त्यांच्याकडचं रोप कुठून तरी आलेलं असतं. कुणाचं माहेरून, कुणाचं शेजारच्या काकूंकडून, कुणाचं बदली होऊन गेलेल्या बिऱ्हाडाची आठवण म्हणून. रात्री फूल बघायला बोलावणं येतं, मसाला दूध होतं, फोटो काढून होतात आणि निघताना चपला घालता घालता आपण म्हणतो, "काकू, एक पान द्याल का?" काकू कात्री शोधायला जात नाहीत. हातानंच पान मोडतात, कालच्या पेपरात गुंडाळतात आणि सांगतात, "मातीत खोचून दे गं, आपोआप लागतं."

लागतं हे खरं. आपोआपचं मात्र मला पटलेलं नाही. माझी पहिली दोन पानं कुजली. दोन्ही वेळा आणलं त्याच रात्री कुंडीत खोचलं, वर तांब्याभर पाणी घातलं आणि रोज सकाळी चहाच्या आधी पुन्हा घालत राहिले. पंधरा दिवसांत बूड काळं आणि बुळबुळीत. तिसरं पान मी लावलंच नाही. वॉशिंग मशीनवर ठेवलं आणि गणपतीच्या गडबडीत विसरून गेले. दहा-बारा दिवसांनी सापडलं तेव्हा मलूल झालं होतं, टोकाशी सुरकुत्या पडल्या होत्या, पण मोडल्या जागी कोरडी, खरखरीत खपली धरली होती. टाकायचं म्हणून उचललं, टाकवलं नाही म्हणून खोचलं. तेच लागलं. डोंबिवलीतल्या माझ्या बाल्कनीत ग्रीलला बांधलेलं जे ब्रह्मकमळ आज आहे, ते त्या विसरलेल्या पानाचं.

तेव्हापासून जितकी पानं लावली तितक्यांनी एकच धडा दिला. हे रोप दुर्लक्षानं क्वचित मरतं. मरतं ते पाण्यानं आणि आपल्या घाईनं.

ते पान नव्हेच

ही गोष्ट एकदा कळली की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. आपण ज्याला पान म्हणतो ते चपटं झालेलं खोड आहे. ब्रह्मकमळ हा निवडुंगाच्या कुळातला. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. त्याला काटे नाहीत आणि खरी पानंही नाहीत. अन्न तयार करण्याचं पानाचं काम खोडानंच अंगावर घेतलंय आणि त्यासाठी ते पसरट झालंय. कडेनं नागमोडी खाचा दिसतात ना, त्या प्रत्येक खाचेत एक डोळा असतो. उसाच्या पेरावर असतो तसाच. त्या डोळ्यातून फांदी फुटते, नाहीतर कळी येते. म्हणजे चार-पाच खाचांचा एक तुकडा हातात असेल, तर अख्खं झाड हातात आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या मूळ गावाची. हे दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतलं. तिथे ते जमिनीत क्वचितच, बहुतेक वेळा मोठ्या झाडांच्या बेचक्यांत वाढतं. बांडगूळ नव्हे, झाडाचा फक्त आधार घेतं, रस शोषत नाही. बेचक्यात साचलेला कुजका पाला आणि शेवाळ हीच त्याची माती. पाऊस आला की चिंब भिजायचं, थांबला की घटकाभरात निथळून जायचं, आणि मुळांभोवती सतत वारा. अशा मुळांना आपण काळ्या चिकट मातीत गाडून रोज पाणी घातलं तर ती गुदमरणार, यात नवल काय?

नावाबद्दल थोडं. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं, केदारनाथ-बद्रीनाथला वाहिलं जाणारं ब्रह्मकमळ वेगळं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, हिमालयात साधारण ३,७०० मीटरच्या वर उगवणारं. आपल्या बाल्कनीत ते एक उन्हाळा काढणार नाही. आपल्या रोपाला केरळात निशागंधी म्हणतात, आणि ते नाव मला जास्त शोभणारं वाटतं. पण घरी मी ब्रह्मकमळच म्हणते. "अमुक वर्षांनी एकदाच फुलतं" असे जे मेसेज फिरतात ते मात्र मनावर घेऊ नका. कुंडीतलं जुनं रोप एका पावसाळ्यात दोन-तीनदाही बहरतं.

कधी लावायचं

झाड वाढीला लागलेलं असतं तेव्हा, म्हणजे हवा उबदार असताना. मुंबई-ठाणे-कोकणात फेब्रुवारी-मार्च उत्तम, नाहीतर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर. भर जुलैत आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे पानाचा काप काय वाळणार! पुणे-नाशिककडे जून ते सप्टेंबर चालतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे सोडा. पहिला पाऊस होऊन हवा निवली की लावा. थंडीत लावलं तर मरत नाही, पण मुळांना दुप्पट वेळ लागतो आणि तेवढ्यात आपला धीर सुटतो.

अर्थात फुलं पावसाळ्यात येतात, म्हणून पानही पावसाळ्यातच मिळतं. मग वाळवायला जास्त दिवस द्या, एवढंच.

पान निवडताना

मागायचंच आहे तर बघून मागा. ज्या रोपाला फुलं येतात त्याचंच घ्या. कधीच न फुललेल्या, अंधाऱ्या जिन्यात वाढलेल्या रोपाचं पान लागतं, पण ते आधीच अशक्त असतं आणि फुलायला फार वाट पाहायला लावतं.

रोपाशी उभं राहिलात की तीन प्रकारची पानं दिसतील. टोकाकडची कोवळी, पातळ, पोपटी, कडेला लालसर झाक असलेली. ही दिसायला सर्वांत देखणी आणि लावायला सर्वांत वाईट, कारण त्यांच्यात साठा नसतो आणि वाळवायला ठेवली की मान टाकतात. बुडाशी असतात ती जुनी, तपकिरी, लाकडासारखी झालेली. त्यांना मुळं फुटतात, पण उशिरा. तुम्हाला हवं ते मधलं. साधारण वर्ष-दीड वर्षाचं, गडद हिरवं, बोटांत धरल्यावर टणक लागणारं, मधली शीर ठळक असलेलं. लांबी वीतभर पुरे.

एका खाचेतून एकदा फूल येऊन गेलं की त्याच खाचेतून सहसा पुन्हा येत नाही. तिथे फुलाच्या देठाचा वाळका वण राहतो. म्हणून असे वण कमी असलेलं आणि डोळे शाबूत असलेलं पान निवडा. कळी लागलेलं पान मात्र मागू नका. देणाऱ्याच्या जिवावर येतं, आणि आपल्याकडे आणल्यावर ती कळी गळतेच.

पांढरा कापसासारखा पुंजका किंवा तपकिरी खवले चिकटलेले दिसले तर गोड बोलून दुसरं पान मागा. पिठ्या ढेकूण एकदा घरात आला की जास्वंदीपर्यंत पोचतो.

कापणं

हातानं मोडू नका. मोडलेली जागा चिंबते, आणि चिंबलेल्या जागी बुरशी आधी बसते. धारदार कटर किंवा नवं ब्लेड घ्या, स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं पुसा आणि पान जिथे अरुंद होऊन फांदीला जोडलेलं असतं तिथे एका झटक्यात कापा. मोडलेलंच पान हाती आलं असेल तर घरी आल्यावर मोडीच्या वर बोटभर अंतरावर पुन्हा स्वच्छ काप घ्या.

पान हातभर लांब असेल तर त्याचे चार-चार, पाच-पाच इंचांचे तुकडे करता येतात. प्रत्येक तुकड्यावर निदान तीन-चार खाचा हव्यात. इथे एक घोळ हमखास होतो. तुकडे झाले की खालचं टोक कोणतं आणि वरचं कोणतं ते कळेनासं होतं, आणि उलटा लावलेला तुकडा रुसून बसतो. मधली शीर ज्या बाजूला जाड ती खालची, हे खरं, पण छोट्या तुकड्यात तेही नीट दिसत नाही. म्हणून मी कापतानाच खूण करते. वरचा काप आडवा सरळ. खालच्या बाजूला दोन्ही कडांनी तिरके काप देऊन होडीच्या नाळेसारखं टोक काढते. त्याचा आणखी एक फायदा असा की मुळं प्रामुख्यानं मधल्या शिरेतून फुटतात, कडेच्या मऊ गरातून नाही. कडेचा गर उतरवला की शीर पुढे येते आणि कुजणारा भाग आपसूक कमी होतो.

वाळवणं: इथे घाई केलीत तर पुढचं वाचू नका

कापलेली जागा ही जखम आहे. ओल्या मातीत ओली जखम गेली की बुरशी आत शिरते, आणि हे पान आतून पाण्यानं भरलेलं असल्यामुळे सड दोन दिवसांत इंचभर वर चढते. जखमेवर खपली धरली की हा रस्ता बंद होतो. निवडुंग कुळातल्या कुठल्याही रोपाला हेच लागू.

तुकडे पेपरवर आडवे ठेवा, एकमेकांना न चिकटता. सावली हवी, वारा हवा, ऊन नको. फ्रिजवर, पुस्तकाच्या कपाटावर, वॉशिंग मशीनवर तर माझा अनुभवच आहे. पाणी शिंपडायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळायचं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवायचं नाही. कोरड्या हवेत चार-पाच दिवस पुरतात. मुंबईच्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागू शकतात. बोटानं काप चाचपा. गार आणि दमट लागला तर अजून थांबा; कोरडा, थोडा कडक, फिकट रंगाचा झाला की तयार.

पान जरा लोळागोळा होईल, सुरकुतेल. होऊ दे. माझ्या सासूबाई रोज येता-जाता विचारायच्या, "अगं, वाळून कोळ होईल ते, पाण्यात तरी ठेव." झालं नाही. आणखी आठवडाभर विसरलात तरी चालेल. मुळांशिवाय एवढे दिवस काढायची त्या पानाची तयारी असते.

कापाला हळद लावण्याची पद्धत आहे. मीही चिमूटभर लावते, सवयीनं. त्यानं बिघडत काही नाही, पण हळद लावली म्हणून वाळवणं टाळता येत नाही. मुळं फुटण्याची पावडर बाजारात मिळते, तिची या रोपाला गरज नाही. ते पैसे कोकोपीटला, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाला ठेवा.

माती, जी माती नाहीच

मेक्सिकोतलं झाडाचं बेचकं डोळ्यासमोर आणा. आपल्याला भुसभुशीत, हलकं, पाणी धरून ठेवेल पण साचू देणार नाही असं काहीतरी हवं. माझं प्रमाण असं: कोकोपीट दोन भाग, जाडी वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) एक भाग, पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत एक भाग. वर मूठभर कोळशाचे बारीक तुकडे, इस्त्रीवाल्याकडे मिळतात ते. कोळसा नसेल तर विटेचे तुकडे घाला.

कोकोपीटची वीट भिजवून फुलली की दोनदा पाण्यानं धुवून पिळून घ्या. त्यात अनेकदा क्षार असतात आणि नव्या मुळांना ते सोसत नाहीत. वाळू बांधकामाची चालते, फक्त चाळून बारीक माती काढून टाका आणि धुवा. समुद्राची वाळू नको. देशावरची काळी माती या टप्प्यावर अजिबात नको, आणि कोकणातली लाल मातीही एकटी नको. भिजली की तिचा चिखल होतो आणि वाळली की ढेकूळ. ताजं शेणखत, युरिया, चहाचा चोथा यातलं काही घालायचं नाही. मुळंच नाहीत तर जेवण कुणाला वाढताय?

मिश्रण झालं का, ते पाहायची सोपी खूण: मूठभर घेऊन लाडवासारखं वळा. थेंब गळला तर पाणी जास्त. मूठ उघडून बोटानं टोचल्यावर लाडू भसकन फुटला तर ठीक. फुटला नाही तर आणखी वाळू घाला.

कुंडी छोटी घ्या, चार इंची पुरे. मोठ्या कुंडीत लावलं की लवकर वाढेल असं वाटतं, पण होतं उलटंच. मुळं नसलेल्या भागातली ओल कुणी पीत नाही आणि तीच मग बुडाशी सड आणते. मातीची कुंडी चांगली, कारण ती बाजूनं श्वास घेते. नर्सरीची काळी पिशवी चालते. मी अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुवून, तळाशी खिळ्यानं सात-आठ भोकं पाडून वापरते. एकदम पाच-सहा तुकडे लावायचे असले की हाच मार्ग स्वस्त.

खोचणं आणि पहिला महिना

आधी काडीनं मिश्रणात भोक पाडा, मग त्यात तुकडा ठेवा. पान जोर लावून ढकललं तर खपली सोलवटते आणि वाळवण्याचे दिवस फुकट जातात. दीड-दोन इंच आत जाऊ दे, निदान एक खाच मातीखाली हवी. बाजूनं बोटांनी हलकं दाबा. पान डोलतंच, म्हणून शेजारी खराट्याची काडी रोवून सुती दोऱ्यानं सैल बांधा. सतत हलणाऱ्या पानाला मुळं धरायला त्रास होतो, कारण फुटलेलं कोवळं मूळ प्रत्येक धक्क्याला तुटतं. घरात मांजर असेल तर जागा विचार करून निवडा.

मिश्रण लावताना किंचित दमट होतं, तेवढ्यावर पाच-सहा दिवस राहू दे. मग कडेनं अर्धी वाटी पाणी. त्यानंतर बोटाचं पहिलं पेर आत घालून पाहायचं. कोरडं लागलं तरच पुन्हा अर्धी वाटी. माझ्याकडे हे अंतर उन्हाळ्यात चार-पाच दिवस पडतं, पावसाळ्यात कधी कधी दहा. वार ठरवून पाणी घालू नका. पेर सांगेल ते ऐका.

उजेड भरपूर हवा, थेट ऊन नको. पुस्तक वाचता येईल इतका उजेड दिवसभर असेल अशी जागा. पूर्वेची खिडकी असेल तर काचेपासून हातभर आत. मुळं धरल्यावर सकाळचं कोवळं ऊन आवडतं त्याला, पण दुपारच्या उन्हानं पान आधी पिवळट आणि मग पांढुरकं पडतं, आणि तो डाग पुन्हा हिरवा होत नाही.

मुळं साधारण तीन ते सहा आठवड्यांत धरतात. धरली की नाही हे बघायला उपटून पाहण्याची इच्छा प्रत्येकाला होते. मीही उपटलंय. नका उपटू. त्यापेक्षा पानाकडे बघा. इतके दिवस सुरकुतलेलं पान एका सकाळी पुन्हा ताठ, भरलेलं दिसतं. म्हणजे ते प्यायला लागलं. हीच खात्रीची खूण. हवं तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात चिमटीत धरून अगदी हळू वर ओढून पाहा. अडल्यासारखं वाटलं तर मुळं आहेत.

आणि मग काहीच होत नाही. दोन-दोन महिने पान नुसतं उभं. बऱ्याच जणी इथे कंटाळून खत घालतात किंवा कुंडी बदलतात. आत मुळं पसरत असतात, वर दिसत नाहीत इतकंच. एक दिवस खाचेतून किंवा मातीतून तांबूस टोक डोकावतं. ते कधी कधी पानासारखं न दिसता गोल, बारीक छडीसारखं सरळ वर जातं, हातभरही लांब होतं. जंगली फुटवा समजून ते छाटू नका. तो मुख्य दांडा आहे, पुढे चपटी पानं त्याच्यावरच येतात.

पाण्यात लावलं तर?

लागतं. काचेचा ग्लास, तळाशी इंचभर पाणी, पान त्यात फक्त टेकलेलं. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचं. वाळवणं इथेही चुकत नाही. मुळं दिसतात म्हणून मुलांना गंमत वाटते. पण पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात, मातीत हलवल्यावर त्यातली बरीच मरतात आणि पान पुन्हा नव्यानं सुरुवात करतं. करायचंच तर मुळं इंचभर झाली की लगेच हलवा. ग्लासात मुळांचं जाळं होईपर्यंत कौतुक करत बसलात तर हलवणं अवघड होतं.

बिघडलं तर

बूड काळं, मऊ पडलं: लगेच काढा. काळ्या भागाच्या वर कापत जा, दर वेळी ब्लेड पुसा, आणि कापलेल्या जागी मधली शीर बघा. तपकिरी ठिपका किंवा कडी दिसत असेल तोवर सड पुढे गेलेली आहे. स्वच्छ फिकट हिरवी शीर दिसली की थांबा. उरलेला तुकडा पुन्हा वाळवा, या वेळी दोन दिवस जास्त, आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावा. तीन खाचा उरल्या असतील तरी आशा आहे.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटं घोंघावू लागली तर कोकोपीट सतत ओलं राहतंय. औषध शोधू नका, वरचा थर खडखडीत वाळू द्या. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका पुसा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. कोकणातल्या मंडळींना पावसाळ्यात गोगलगायी छळतात. त्या रात्री येतात आणि कोवळे फुटवेच खातात, त्यामुळे टॉर्च घेऊन वेचणं हा सर्वांत भरवशाचा इलाज. रात्री जागण्याची सवय या रोपाच्या माणसाला तशीही लागतेच.

मोठी कुंडी, आणि फुलाची वाट

पिशवीच्या भोकांतून मुळं डोकावली की सहा इंची कुंडीत हलवा. भरगच्च रोप हवं असेल तर लागलेले तीन तुकडे एकाच कुंडीत लावा. आता मिश्रणात बागेतली माती एक भाग आणि गांडूळखत एक भाग येऊ दे, पण निम्मं तरी कोकोपीट, वाळू आणि विटेचे तुकडे हवेतच. पुढे आठ-दहा इंची कुंडी अनेक वर्षं पुरते. मुळं दाटीवाटीनं असली तर या रोपाला अडचण वाटत नाही. उलट ऐसपैस कुंडीत नुसती पानंच पानं येतात. वाढ वेडीवाकडी, लांबच लांब असते, तेव्हा ग्रीलला किंवा काठीला बांधा. जुन्या ओढणीची चिंधी दोऱ्यापेक्षा बरी, पान कापलं जात नाही.

मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत. नत्राचा, म्हणजे युरियासारख्या खताचा मारा केलात तर पानं तुकतुकीत होतील आणि फूल दिसणार नाही. नोव्हेंबरपासून खत बंद, पाणीही कमी. ही हिवाळ्याची विश्रांती वाढत्या रोपाला मिळायला हवी.

पहिलं फूल बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतं. चांगल्या पिकल्या पानापासून लावलेलं रोप कधी पुढच्याच पावसाळ्यात एखादी कळी दाखवतं. पाच वर्षं झाली आणि काही नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, कुंडी कुठे ठेवलीय. नव्वद टक्के वेळा, म्हणजे माझ्या ओळखीतल्यांपुरतं, उत्तर असतं कोपऱ्यात किंवा जिन्यात. उजेडात आणा, सकाळचं दोन तास ऊन मिळू द्या, आणि वर्षभर जागा बदलू नका.

कळी खाचेतून येते तेव्हा तांबूस दाण्याएवढी असते. नवा फुटवा चपटा होत जातो, कळी गोलसर राहते आणि तिला देठ सुटतो. फुलायला तीनेक आठवडे ते महिना. या काळात कुंडी फिरवायची नाही, आत-बाहेर करायची नाही आणि पाण्याचा खंड पडू द्यायचा नाही, नाहीतर कळ्या गळतात. आधी कळी खाली लोंबते, मग तिचा देठ हंसाच्या मानेसारखा वर वळतो. मान वळून कळी फुगली आणि दुपारी टोकाशी पाकळ्या सैल दिसल्या की समजा, आज रात्री. पौर्णिमा असो वा अमावास्या, त्याचा काही संबंध नाही. आठ-साडेआठला उमलायला लागतं, अकराच्या आसपास ताटलीएवढं पूर्ण उघडतं, घमघमाट जिन्यापर्यंत जातो. मूळ मुलखात हा सुवास आणि पांढरा रंग रात्री फिरणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी असतो. आपल्याकडे शेजारी येतात. पहाटे मान पडलेली असते. फळ सहसा धरत नाही, म्हणून आपल्याकडे या रोपाचा विस्तार होतो तो पान देण्या-घेण्यातूनच.

आता तुमच्याकडे कुणी मागितलं तर

परगावी पाठवायचं असेल तर कापून, चार दिवस वाळवून, कोऱ्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला. प्लास्टिक नको, ओला कापूस नको. आठवडाभराचा कुरिअरचा प्रवास ते सहज सोसतं. परदेशी मुलीकडे जाताना बॅगेत टाकायचा मोह मात्र टाळा. विमानतळावर रोपांच्या तुकड्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि निवडुंगाचं जवळजवळ अख्खं कूळ साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणजे कागदपत्रं आणखी वाढतात. तिकडे हेच रोप 'क्वीन ऑफ द नाइट' नावानं मिळतं. मुलीला तिथेच कुणाकडे तरी पान मागायला सांगा. थंड देशात पारा १० अंशांच्या खाली जायच्या आत कुंडी घरात घ्यायची, बाकी सगळं वर सांगितलं तसंच.

मी स्वतः पान देते ते खालचं टोक तिरकं कापून आणि त्याच पेपरच्या कडेला पेनानं कापल्याची तारीख टाकून. खाली लिहिते, "दहा दिवस हात लावू नये." मागच्या श्रावणात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना असंच दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अहो, थोडंसं पाणी शिंपडलं तर चालेल ना?"

नाही म्हणाले. आठव्या दिवशी पुन्हा आला.